फुगेमास्तरांची वाकडी बंदूक

फुगेमास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, तरी अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. तळ्याकाठच्या बागेचं मोठं फाटक आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला त्यांची टपरी. मागे उभी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना रंगीबेरंगी फुगे आणि पुढे आडव्या बाकावर छऱ्याची बंदूक. या, नेम धरा, ओळीने पाच फुगे फोडा आणि वरच्या फडताळातलं हवं ते बक्षीस घेऊन जा! फडताळात एक मोठी बाहुली होती, एक भिंतीवरचं घड्याळ होतं आणि कपबश्यांचा एक संच होता. त्या कपबश्यांवर इतकी धूळ बसायची, की मास्तरीणबाई मधूनमधून त्या खाली उतरवून धुवून पुन्हा वर ठेवायच्या. यावरून काय ते समजा.

बंदूक वाकडी होती, दुसरं काय!

म्हणजे दिसायला झकास. दस्ता तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला, नळी लखलखीत. पण नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी एक इवलासा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी मास्तरांनी धंदा सुरू केला त्याच दिवशी हातोडीने ठोकून जराशी उजवीकडे झुकवून ठेवली होती. गिऱ्हाइकाने श्वास रोखून माशी फुग्यावर धरली, की छर्रा फुग्याच्या डावीकडून वीतभर अंतराने जायचा आणि फळीत रुतायचा. "अरेरे, थोडक्यात हुकलं!" असं म्हणून गिऱ्हाईक पुन्हा बंदूक उचलायचं. त्या थोडक्यावर मास्तरांचं घर चालत होतं.

कुणी म्हणेल, ही लबाडी झाली. म्हणो बापडे! सरळ बंदूक ठेवली असती तर आठवडाभरात बाहुली गेली असती, घड्याळ गेलं असतं आणि मास्तर रिकाम्या फडताळाकडे बघत बसले असते. शिवाय मास्तरांनी कधी कुणाला रडवून पाठवलं नाही. हिरमुसल्या पोराच्या हातात एखादा फुगा द्यायचेच ते.

खरी मजा संध्याकाळी असायची. गर्दी जरा पांगायला लागली की मास्तर स्वतः बंदूक उचलायचे, माशी गुपचूप वीतभर उजवीकडे धरायचे आणि फाट, फाट, फाट! ओळीच्या ओळ साफ. बघणारे तोंडात बोट घालायचे. "बघा, बंदुकीत काही खोट नाही, आपल्याच हातात खोट आहे," असं म्हणत आणखी चार जण पुढे सरसावायचे.

हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं, मास्तरांना आणि मास्तरीणबाईंना. त्यांची एकुलती एक मुलगी त्या बाकाखाली खेळत लहानाची मोठी झाली, पण तिलाही पत्ता नव्हता. "माझे बाबा कधी नेम चुकत नाहीत," असं ती शाळेत सांगायची, लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं, आणि परदेशात गेल्यावर तिथल्या लोकांना सांगत सुटली. तिथे पार्सलच्या गोदामात ती एका पाळीची प्रमुख झाली होती. मोठमोठे बाप्ये तिच्या हाताखाली खोकी उचलायचे आणि तिच्या वडिलांच्या नेमाच्या गोष्टी ऐकायचे.

मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मुलीने ठरवून टाकलं, आता दोघांनी इकडे यायचं, कायमचं. कागदपत्रं झाली. मास्तरीणबाई तर हवेतच होत्या. आणि मग एक दिवस मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही नुसते हात हलवत या. माझी सगळी माणसं तुमचा नेम बघायला टपलीत. इथे भाड्याने बंदूक मिळते, अगदी नवी कोरी!"

 नवी कोरी म्हणजे सरळ! सगळा जन्म ज्या माणसाने वीतभर उजवीकडे नेम धरला, त्याच्या हातात सरळ बंदूक दिली तर काय होणार? चार लोकांसमोर फजिती, आणि पोरीचं तोंड एवढंसं.

फोन ठेवल्या ठेवल्या मास्तरांनी जाहीर केलं, "माझी बंदूक येणार असेल तरच मी येईन."

"आणि नाही आली तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तर तू जा. मी इथेच राहतो."

"फुगे कोण फुगवेल तुमचे?"

 बाईंनी हातातलं काम ठेवलं आणि समोर येऊन बसल्या. "अहो, सांगून टाका ना तिला एकदाचं. आपलीच पोर आहे."

"काय सांगू? की तुझा बाप गिऱ्हाइकांना बनवत होता? अगं, ती तिथे मान वर करून सांगते लोकांना. मीच ती खाली घालायला लावू?"

"मग बसा बंदूक कवटाळून," बाई म्हणाल्या. पण बाईंचं मनही नवऱ्याला सोडून जायला तयार नव्हतं. म्हणून त्यांनीच जावयाला फोन लावून बंदूक आणायची रीत विचारून घेतली.

जावई बिचारा साधा. त्याने दोन्हीकडचे नियम शोधून काढले. बंदूक कुलपाच्या टणक पेटीत हवी, छर्रे वेगळ्या डब्यात हवेत, विमानतळावर आपणहून सांगायचं, काही लपवायचं नाही. तिकडे उतरल्यावर सरकार ती ठेवून घेणार, परवानाधारक बंदूकवाल्याकडून तपासून घेणार आणि मगच परत देणार. मास्तरांनी सुताराकडून पेटी करून घेतली. ती घरी आली तेव्हा मास्तरीणबाई दारातच थबकल्या.

"अहो, बंदुकीसाठी केलीत ना ही? यात माझ्या सासूबाई सहज मावल्या असत्या!"

"आईला मध्ये आणू नकोस," मास्तर म्हणाले आणि बाईंच्याच दोन लोकरी शाली पेटीत अंथरायला घेतल्या.

आपणहून सांगायचं, लपवायचं नाही, हे मास्तरांनी इतकं घोकलं होतं, की विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने "नमस्कार" म्हणायच्या आत ते खणखणीत आवाजात बोलले, "बंदूक!"

मागची रांग एका दमात चार पावलं मागे सरकली. कुणाची तरी बॅग आडवी झाली. दोन पोलीस चालत यायला लागले. मास्तर घामाघूम. तेवढ्यात मास्तरीणबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या, "फुगे फोडायची! फुगे फोडायची आहे हो!" आणि त्यांनी पर्समधून फुग्यांचं पाकीट काढून पोलिसांच्या तोंडासमोर नाचवलं. मग काय, साहेब आले, मोठे साहेब आले, पेटी उघडली, कागद तपासले. मोठ्या साहेबांनी बंदूक बघितली आणि हसून म्हणाले, "लहानपणी असल्या बंदुकीने मला एकसुद्धा फुगा फुटला नव्हता." मास्तरांनी नजर वळवली. पेटी विमानात चढली.

उतरल्यावर तिथल्या सरकारने ठरल्याप्रमाणे पेटी ठेवून घेतली आणि पावती हातात दिली. बाहेर मुलगी धावत आली, आईच्या गळ्यात पडली, मग बाबांच्या. गाडीत जावई चालवायला बसला, मुलगी त्याच्या शेजारी.

"तू नाही का शिकलीस गाडी?" मास्तरांनी सहज विचारलं.

"मी? बाबा, माझा हात थरथरतो, तुम्हालाच ठाऊक! कुणाला उडवलं म्हणजे?"

मास्तर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या मांडीला असा काही चिमटा काढला, की जावयाने आरशात बघून विचारलं, "बाबा, काही दुखतंय का?"

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, छोटंसं पण नीटनेटकं. मास्तर दोन-चार दिवसांत रुळले. सकाळी खिडकीत उभं राहून खालच्या गाड्या बघायच्या, जावयाबरोबर चहा घ्यायचा, बाजारातून भाजी आणायची, आणि वाट बघायची ती बंदुकीची. आपली बंदूक हातात आली की झालं, इतकंच त्यांच्या मनात होतं. एक दिवस बंदूकवाल्याचा निरोप आला, तपासणी झाली, शनिवारी दुपारी घेऊन जा. नियम असा की पहिला बार त्याच्याच दुकानामागच्या खोलीत, त्याच्या डोळ्यांदेखत काढायचा. मुलीला तेवढं निमित्त पुरलं. तिने गोदामातली चार माणसं बोलावली. एक भलाथोरला ट्रकचालक, पार्सलं बांधणाऱ्या दोघी जणी आणि एक चौकीदार.

बंदूकवाला वयस्कर होता, नाकावर चष्मा, अंगात तेलाचे डाग पडलेला एप्रन. दुकानामागे बोळासारखी लांबट खोली, टोकाला जाड लाकडी भिंत. मास्तरीणबाईंनी सवयीने फुगे फुगवून तिथे ओळीत लावलेसुद्धा. ट्रकचालक हाताची घडी घालून उभा राहिला. मुलगी तर लग्नाच्या दिवशीही इतकी खुशीत नव्हती.

बंदूकवाल्याने पेटी उघडली, दोन्ही हातांनी बंदूक उचलून मास्तरांपुढे धरली आणि आपल्या भाषेत पुष्कळ काही बोलला. मुलगी ऐकत होती आणि इकडे सांगत होती.

"बाबा, ते म्हणतात, फार प्रेमाने वापरलीय. नळी साफ केली. स्प्रिंगला तेल दिलं. आणि प्रवासात मार लागून माशी वाकली होती, ती त्यांनी ठोकून अगदी सरळ केलीय. त्याचे पैसे नकोत, पाहुणचार समजा म्हणाले."

 त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आभार मानू ना त्यांचे?" मुलीने विचारलं.

"मान," मास्तर कसेबसे म्हणाले.

आता माघार घ्यायला जागा नव्हती. मास्तरांनी छर्रा भरला, दस्ता खांद्याला लावला. मनाला बजावलं, सरळ धर, सरळ धर. मन ऐकत होतं हो, पण हात ऐकेल तर ना! इतक्या वर्षांची सवय त्या हाताला. चाप ओढताना नळी आपली सरकली उजवीकडे. छर्रा वीतभर उजवीकडे भिंतीत. दुसऱ्या वेळी हात दाबून धरला तर छर्रा गेला खाली. तिसरा कुठे गेला ते बंदूकवाल्यालासुद्धा सापडलं नाही. पार्सलवाल्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाबा दमलेत," मुलगी घाईघाईने म्हणाली, मग तेच त्या लोकांच्या भाषेत म्हणाली. "प्रवास झालाय. इथला उजेड वेगळा आहे. चष्म्याचा नंबरही बदललाय बहुतेक." ट्रकचालकाने मास्तरांच्या हातातून अलगद बंदूक घेतली, जन्मात पहिल्यांदा नेम धरला आणि पहिल्याच छऱ्याला फुगा फोडला. खोलीत हशा पिकला. मुलगीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. ती पुन्हा सांगत होती, प्रवास, उजेड, चष्मा.

ते काही मास्तरांना बघवेना. आपल्यासाठी पोर खोटं बोलतेय, आणि तिला ते खोटं आहे हेही ठाऊक नाही! त्यांनी बंदूक परत घेऊन बाकावर ठेवली.

"पोरी, थांब. माशी प्रवासात नाही वाकली. मी वाकवली होती. हातोडीने. सांग त्यांना."

मुलगी सवयीने तिकडे वळून बोलायला लागली आणि मध्येच अडखळली. "म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे आपली बंदूक पहिल्यापासून वाकडी होती, लोकांचे नेम चुकावेत म्हणून. मला ठाऊक होतं म्हणून मी वीतभर उजवीकडे धरायचो. सरळ बंदुकीने तुझ्या बापाला फुगा सोड, भिंतसुद्धा लागत नाही. बघितलंस ना आत्ता? सांग, सगळं सांग त्यांना."

तिने सांगितलं. एकेक वाक्य करत, हळूहळू. ट्रकचालक असा काही हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. बंदूकवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. आपण केवढी चूक करून बसलो हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो हातवारे करून विचारायला लागला, पुन्हा वाकडी करून देऊ का? पार्सलवाल्या एकीने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. हात्तिच्या, एवढंच होतं तर! उगाच इतके महिने झोप घालवली.

मग त्यांनी मुलीकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"बाबा, रोज टपरी आवरताना तुम्ही मला एक छर्रा द्यायचात. तांबडा फुगा माझ्यासाठी ठेवायचात."

"हो गं."

"एकदाही फुटला नाही माझ्याकडून. इतकी वर्षं. तेव्हाही बंदूक वाकडीच होती ना?"

 बाकीची मंडळी मुलीच्या तोंडाकडे बघत होती, आता ती आपल्या भाषेत सांगेल म्हणून. तिने काही सांगितलं नाही.

"मलासुद्धा, बाबा?" ती म्हणाली. "मी रडत घरी यायचे. तुम्ही म्हणायचात, हात थरथरतो तुझा, उद्या पुन्हा बघू. खरं वाटलं मला! अहो, सुईत दोरा ओवायला मी शेजारणीकडे जाते. साधा खिळा ठोकायचा तरी ह्यांना हाक मारते. गाडीच्या चाकाला हात लावला नाही मी. का, तर माझा हात थरथरतो!"

"तू लहान होतीस गं," मास्तर म्हणाले. "तुझ्या पोटात काही राहायचं नाही. तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेने उजवीकडे नेम धरला असता. म्हटलं, जरा मोठी झाली की सांगू. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू खरंच मोठी झालीस. मग मला लाज वाटायला लागली. चुकलं माझं. फार चुकलं."

"मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आई! म्हणजे तुलाही ठाऊक होतं?"

"आता माझ्याकडे वळू नकोस. मी नुसते फुगे फुगवत होते." आणि बाई नवऱ्याकडे वळल्या. "उभे काय राहिलात खांबासारखे? फुगा लावा!"

मास्तर लगबगीने वाकले. पाकिटात बोटं घालून त्यांनी तांबडा फुगा शोधून काढला, फुगवला, गाठ मारली आणि भिंतीवर लावला. छर्रा भरून बंदूक मुलीच्या हातात दिली.

"सरळ धर," ते म्हणाले. "अगदी सरळ. मधोमध."

मुलीने डोळे पुसले. दस्ता खांद्याला लावला.  तिचा हात दगडासारखा स्थिर होता. ते मास्तरांनी पाहिलं, आणि त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

फाट!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलगी लोंबणाऱ्या तांबड्या चिंधीकडे बघत राहिली. मग तिने छर्रा भरण्यासाठी बंदुकीची नळी स्वतःच खाली मोडून पुढे केली.

"दुसरा."

मास्तरांनी दुसरा फुगवला. फाट! तिसरा लावला, तोही गेला. जावई आ वासून बायकोकडे बघत होता. ट्रकचालक ओरडून काहीतरी कौतुकाचं बोलला, पण तिने मान वळवली नाही.

"पोरी, माझं ऐक ना जरा," मास्तर म्हणाले.

"बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली. "फुगवा."

मास्तरीणबाई मदतीला पुढे झाल्या, पण मास्तरांनी त्यांना हातानेच थांबवलं. गुडघे कुरकुरत होते, दम लागत होता, गालांवरून पाणी वाहत होतं, तरी ते एकामागून एक फुगे फुगवून भिंतीवर लावत राहिले. तिचा एकही नेम चुकला नाही.